वर्ग रद्द, मग काम चालू कसं?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत मिनेसोटाला एम.एस. करते. जानेवारीत कडाक्याच्या थंडीमुळे विद्यापीठाने वर्ग रद्द केले, पण त्याच दिवशी तिला वसतिगृहाच्या मेसमध्ये कामावर जावं लागलं. थंडी इतकी जिवावरची, तर कामाला का बोलावतात? आणि नाही गेलं तर पैसे कापतात का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे. तिथे ‘वर्ग रद्द’ आणि ‘विद्यापीठ बंद’ हे दोन वेगळे हुकूम असतात. पहिल्यात फक्त शिकवणं थांबतं. दुसऱ्यात बहुतेक कचेऱ्याही बंद होतात, पण तेव्हाही काही माणसांना यावंच लागतं.

निर्णय बहुधा पहाटे होतो आणि मेसेज, ईमेलने सगळ्यांना कळवला जातो. तो ठरवताना बर्फाच्या जाडीइतकाच वाऱ्याचा विचार होतो. ३० जानेवारी २०१९ रोजी मिनियापोलिसचा पारा उणे ३३ अंश सेल्सियसपर्यंत उतरला. वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी तर उणे ४५च्याही खाली होती. एवढ्या थंडीत उघडी त्वचा पाच-दहा मिनिटांत गोठू शकते. बससाठी थांब्यावर उभं राहायला याहून जास्त वेळ लागतो. म्हणूनच त्या दिवशी मिनेसोटा विद्यापीठाने वर्ग रद्द केले. मध्य-पश्चिम अमेरिकेच्या काही भागांत टपालवाटपही थांबलं होतं. ही विद्यापीठं ऊठसूट सुट्टी देत नाहीत. मिशिगन विद्यापीठाने जानेवारी २०१४ मध्ये थंडीसाठी वर्ग रद्द केले, ते १९७८च्या हिमवादळानंतर प्रथमच.

मग काम का थांबत नाही? कारण हजारो मुलं वसतिगृहातच राहतात. बाहेर पडू नका असं त्यांना सांगितलं, तर त्यांच्या तीन वेळच्या जेवणाची सोय आतच व्हायला हवी. इमारती तापवणारी बॉयलर-यंत्रणा काही तास बंद पडली, तरी नळातलं पाणी गोठून पाइप फुटतात. विद्यापीठाचं रुग्णालय, सुरक्षारक्षक, प्रयोगशाळेतल्या प्राण्यांची देखभाल यांनाही सुट्टी नसते. अंधार असतानाच बर्फ हटवणारी माणसं पायवाटा मोकळ्या करायला लागतात. साधं मीठ उणे दहाच्या आसपास जवळजवळ निकामी होतं. म्हणून अधिक थंडीत काम करणारी वेगळी क्षारद्रव्यं किंवा पाय घसरू नये म्हणून वाळू टाकावी लागते. मेसमधलं तुमच्या मुलीचं काम याच अत्यावश्यक सेवांत मोडतं.

आता पैशांचं. महिन्याच्या पगारावर असलेल्या कर्मचाऱ्याचा पगार एखाद्या दिवसाच्या बंदमुळे कापत नाहीत. संशोधन किंवा अध्यापन साहाय्यकांना ठरलेलं विद्यावेतन मिळतं, त्यांनाही सहसा फरक पडत नाही. ज्यांचं काम संगणकावर होतं, त्यांना घरून करायला सांगतात. २०२० नंतर ते सर्रास झालं आहे. अडचण होते ती ताशी मजुरीवाल्यांची. न केलेल्या तासांचे पैसे द्यायलाच हवेत, असं अमेरिकेचा संघराज्य कायदा सांगत नाही. काही विद्यापीठं बंदच्या दिवसाचेही तास धरतात, काही धरत नाहीत. आपल्या मुलांना हे जास्त जाचतं. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला फार तर २० तास काम करता येतं आणि परवानगीशिवाय बाहेर कुठे काम करता येत नाही. बुडालेला रोज दुसरीकडे भरून काढायची सोयच नसते. किराणा आणि घरभाड्याचा हिशेब त्या तासांवर बसवलेला असतो, म्हणून जीव धोक्यात घालूनही मुलं कामावर जातात.

माझं मत सांगतो. मेस चालू ठेवण्यात काही गैर नाही; ती चालू ठेवणं विद्यापीठाचं कर्तव्यच आहे. पण ज्याला अशा थंडीत बोलावलं, त्याला सुखरूप आणण्या-पोचवण्याची जबाबदारीही विद्यापीठाचीच आहे. आणि ज्याला येऊ नको म्हटलं, त्याचा रोज बुडता कामा नये. मुसळधार पावसात मुंबई विद्यापीठ परीक्षा पुढे ढकलतं, तेव्हा विद्यार्थ्याचं नुकसान होऊ नये हेच पाहिलं जातं. तोच न्याय काम करणाऱ्यालाही लागू व्हावा.

मुलीला एक गोष्ट नक्की सांगा. कान, नाक किंवा बोटं पांढुरकी, बधिर झाली, तर चोळायची नाहीत आणि हीटरजवळ धरायची नाहीत. बधिर त्वचेला चटका कळत नाही. घरात येऊन कोमट पाण्यात ठेवायची आणि लगेच डॉक्टरांना दाखवायचं. मिनेसोटा विद्यापीठात असेल, तर तिथल्या ‘गोफर वे’ या भुयारी आणि बंदिस्त पुलांच्या मार्गांचा नकाशाही माहीत करून घ्यायला सांगा. बऱ्याच इमारतींमधून बाहेरच्या वाऱ्यात न जाता फिरता येतं.

शेवटचं. तिने आपल्या वरिष्ठांना तीन प्रश्न आधीच विचारून ठेवावेत : माझं काम अत्यावश्यक गटात आहे का, बंदच्या दिवशी माझे तास धरले जातात का, आणि रस्ता धोक्याचा असेल तर न येण्याची मुभा आहे का? उत्तरं ईमेलवर घ्यावीत. वादळाच्या पहाटे हे विचारायला कोणालाच सवड नसते, म्हणून आजच फोन करून तिला सांगा.