कूलर देऊ नका, फिल्टर बदला

आखातात नोकरीला निघालेली पोरं आमच्या कोकणातल्या मोहल्ल्यात आधी थोरामोठ्यांची दुआ घेत फिरतात. माझ्याकडेही येतात. दुआ देतोच, पण तिच्या जोडीला चार गोष्टी ऐकूनही घ्याव्या लागतात. त्यातल्या बऱ्याचशा माझ्या थोरल्या फुफीच्या. तिला कुराण वाचण्यापुरतं अक्षर येत होतं, पण पैशाच्या हिशेबात तिला कुणी फसवलं नाही, आणि आखिरतीचा हिशेबही ती तितक्याच चोखपणे ठेवायची.

आधी एक गैरसमज काढतो. दुनियेची मजा सोडा, असं मी सांगणार नाही. आपल्या दीनमध्ये संन्यास नाही. हजरत अबू दर्दा दिवसा रोजे धरायचे, रात्रभर नमाजला उभे राहायचे, बायकोकडे लक्षच नाही. त्यांच्याकडे आलेल्या हजरत सलमान फारसींनी त्यांना आपल्यासोबत जेवायला बसवलं, रात्री झोपायला लावलं आणि बजावलं, की रबचा हक्क आहे तसा शरीराचाही आहे आणि घरच्यांचाही आहे. हे नबींच्या (स.) कानावर गेलं तेव्हा त्यांनी सलमानचं म्हणणं खरं ठरवलं. म्हणून सुट्टीवर आलात की बाजारातून ताजं पापलेट आणा, पोराला सायकल घ्या, बायकोला फिरवून आणा. चांगल्या निय्यतीनं घरच्यांवर केलेला हलाल कमाईचा खर्चसुद्धा सवाबाचाच असतो. फुफीची अट एकच होती: ज्या वस्तूची मजा उधारी फिटण्याआधी संपते, ती घरात आणायची नाही. आता उधारीच्या जागी हप्ते म्हणा.

बंगल्यांचं तेच आहे. आमच्याकडे गल्फच्या पैशावर उभे राहिलेले तीनमजली बंगले बघा. खालच्या एका खोलीत म्हातारी आई, वरचे मजले कुलूपबंद. पावसाळ्यात सागवानी दारं फुगतात, भिंतींना बुरशी येते. शेजाऱ्यानं दोन मजले चढवले म्हणून आपण तीन, यापलीकडे तिसऱ्या मजल्याला कारण नसतं. कुराणातली सूरह तकासुर नेमकी या चढाओढीबद्दल आहे, आणि ती चढाओढ कबरीपर्यंत संपत नाही असंच तिचं सांगणं आहे. आपल्यातल्या कित्येकांना ती पाठ असते, रोजच्या नमाजात म्हणतात. अर्थ विचारा, गप्प.

पण पोरांनो, तुमचं खरं चुकतं ते सदका करताना. मशिदीच्या व्हरांड्यातला स्टीलचा वॉटर कूलर आठवा. तीन नळ, त्यातला एक सतत ठिबकतो, साखळीला बांधलेला पेला, वर लाल रंगात मरहूम वडिलांचं नाव. पहिल्या रमजानला पाणी थंडगार येतं. दुसऱ्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसर बसतो. पुढे त्याच्यावर टोप्या आणि तसबीह ठेवल्या जातात, आणि कुवेतहून आलेला आणखी एक जण नवा कूलर देतो. जुन्याचा फिल्टर बदलायला कुणी पैसे देत नाही, कारण फिल्टरवर नाव लिहिता येत नाही.

पाणी पाजणं हा मोठा सदका आहे, यात वाद नाही. मदिन्यात बिअर रूमाचा मालक पाणी विकत देई, ती विहीर हजरत उस्माननी विकत घेऊन सर्वांना खुली केली. हारून रशीदची बेगम जुबैदा हिनं मक्केपर्यंत पाण्याचा कालवा नेला, तो शतकानुशतकं हाजींच्या कामी आला. इतकं लांब कशाला, औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली पाणचक्की बघून या. लांबच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर जातं फिरवलं, दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळलं. ही कामं टिकली कारण बांधणाऱ्याच्या मागून पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी गाळ काढला, फुटलेलं सांधलं. त्या गाळ काढणाऱ्यांची नावं कुठल्या दगडावर नाहीत. माझ्या मते सवाबात त्यांचा वाटा मोठा असणार. म्हणून कमिटीला विचारा, विजेचं बिल कोण भरतं, टाकी शेवटची कधी धुतली. तो खर्च उचला आणि जाहीर करताना ‘एका अल्लाहच्या बंद्याकडून’ एवढंच म्हणायला सांगा.

यात नम्रतेचा देखावा नाही, हिशेब आहे. हदीसमध्ये एका दात्याची गोष्ट येते: लोकांनी आपल्याला दानशूर म्हणावं म्हणून त्यानं दिलं, लोकांनी तसं म्हटलं, म्हणजे त्याची मजुरी इथेच चुकती झाली, तिकडे बाकी काही उरलं नाही. दिलेलं बोलून दाखवणाऱ्याबद्दल कुराणात गुळगुळीत खडकावरच्या मातीचा दाखला आहे, एका सरीत सगळी वाहून जाते. कोकणात जांभ्याचा सडा पाहिलेल्याला हा दाखला वेगळा समजवावा लागत नाही. गरीब चुलतभावाला मदत केली असेल, तर ती त्याच्या लग्नाच्या पंगतीत आठवू नका.

जकातीचंही सांगतो. हजाराला 25 सगळ्यांना ठाऊक असतं, तारीख चुकते. नोकरदार माणूस 31 मार्चला हिशेब करतो. जकातीचं वर्ष चांद्र, 354 दिवसांचं. दरवर्षी 11 दिवस मागे पडत 33 वर्षांत तुम्ही एका अख्ख्या वर्षाची जकात बुडवता, तीही प्रामाणिकपणे! रमजानमधली एक तारीख पक्की करा आणि तीच धरा. आपण कोकणी बहुतेक शाफई, वापरातल्या दागिन्यांबाबत आपल्याकडे हनफींपेक्षा सवलत आहे. म्हणून लॉकरभर सोन्याला ‘वापरातलं’ म्हणू नका, मौलानांना खरं वजन सांगून विचारा. आईवडिलांना जकात चालत नाही, त्यांना सांभाळणं तुमच्यावर तसंही आहेच. गरजू भावाबहिणीला चालते, आणि तिथे नातं जपल्याचा सवाब वेगळा.

थोडं द्या पण नेमानं द्या. अल्लाहला तेच काम जास्त आवडतं जे लहान असलं तरी कायम चालतं, ही हदीस फुफीची लाडकी. रमजानचे 30 रोजे झाले की शव्वालचे 6 ती कधी सोडत नसे. एका नेकीचे दहा या हिशेबानं 360 होतात, वर्ष भरलं, म्हणायची. तुम्ही दर महिन्याच्या पगारातून एखाद्या मुलीचा एसटीचा पास आणि वह्या-पुस्तकं उचला. तिचं शिक्षण तुमच्या मागेही चालू राहील.

सगळं म्हातारपणावर टाकू नका. पोरांवरचा राग म्हणून शेवटी अख्खी वाडी मशिदीला लिहून देणारे मी पाहिले आहेत. वसियत एक तृतीयांशापुढे चालत नाही. हजरत सअद बिन अबी वक्कास आजारी असताना जास्त द्यायला निघाले, तेव्हा नबींनी (स.) त्यांना तिथेच अडवलं, आणि वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा खाऊनपिऊन सुखी सोडणं बरं, असं सांगितलं.

आणि या सगळ्याच्या आधी कर्ज. एका कर्जदाराचा जनाजा आला तेव्हा कुणी ते कर्ज अंगावर घेईपर्यंत नबी (स.) स्वतः नमाज पढवायला उभे राहिले नव्हते, इतकी ही बाब कडक आहे. मेहर हेही कर्जच. निकाहनाम्यावर आकडा लिहून तो विसरलेले नवरे आपल्या मोहल्ल्यात कमी नाहीत, आणि ‘मी माफ केलं’ हे बायको किती मनापासून म्हणते ते तिलाच माहीत. तुमचा बाकी असेल तर कूलर, फिल्टर, बोअरवेल सगळं राहू द्या. पहिल्या पगारातून आधी तो द्या.