खाडीवरचे शरदातील पाहुणे : बांधाच्या दोन्ही बाजूंनी पक्षी पाहू या



गणपती विसर्जन होते, हळवे भात निसवू लागते आणि पावसाची उघडीप सुरू होते. याच दिवसांत सकाळी खारबांधावर पाणी पाहायला गेले असता ओहोटीच्या चिखलावर करड्या रंगाचे पक्षी तुरुतुरु धावताना दिसतात. आपण त्यांना पाहतो, ‘खाडीची पाखरे’ म्हणतो आणि उघाडीकडे वळतो. ही पाखरे कोठून आली, किती आली, गेल्या वर्षापेक्षा कमी की जास्त, याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. वास्तविक ही नोंद ठेवण्यास खारजमीनधारक शेतकऱ्याइतका योग्य माणूस दुसरा नाही. तो बारा महिने त्याच बांधावर असतो, भरती-ओहोटी त्याला पाठ असते आणि चिखल त्याच्या पायाखालचा असतो. म्हणून हा पाठ.

पक्षी कोठून व का येतात?

खाडीवर शरदात उतरणारे बहुतेक पाणपक्षी सैबेरिया, मध्य आशिया, तिबेटचे पठार आणि त्याही उत्तरेकडील ध्रुवाजवळच्या प्रदेशात अंडी घालतात. तेथील उन्हाळा फार थोडा असतो. त्या काळात किडे भरपूर मिळतात व पिले लवकर वाढतात. थंडी सुरू झाली की जमीन गोठते आणि अन्न संपते. मग हे पक्षी दक्षिणेकडे निघतात. भारतात येणारे बहुतेक पक्षी ज्या हवाई वाटेने येतात तिला ‘मध्य आशियाई उड्डाणमार्ग’ म्हणतात. ही वाट सुमारे ३० देशांवरून जाते.

या प्रवासाची ताकद किती असते याचे एक उदाहरण पाहा. पाणटिवळा या लांब चोचीच्या पक्ष्याच्या एका जातीचे पाच महिन्यांचे पिलू ऑक्टोबर २०२२ मध्ये अलास्काहून निघाले आणि कोठेही न उतरता ११ दिवसांत सुमारे १३,५६० किलोमीटर उडून ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया बेटावर पोहोचले. त्याच्या पाठीवरील यंत्रामुळे हे समजले. याच जातीचे पक्षी वेगळ्या वाटेने आपल्या किनाऱ्यावरही येतात. एवढा पल्ला गाठण्यासाठी लागते ती अंगातील चरबी. ती वाटेत मिळणाऱ्या चिखलावरच साठवावी लागते. चिखल नाहीसा झाला, तर पुढचा टप्पा गाठता येत नाही.

बांधाच्या दोन बाजू

या पाठातील मुख्य गोष्ट अशी की, पक्ष्याला खारबांधाच्या दोन्ही बाजू लागतात.

बाहेरची बाजू : ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची पट्टी म्हणजे पक्ष्यांचे ताट होय. वरून ती ओसाड दिसते, पण आत गांडुळासारखे किडे, बारीक शिंपल्या, कुर्ल्या, निवटीची पिले असा भरपूर जीव असतो.

आतली बाजू : भरती आली की हे ताट पाण्याखाली जाते. तेव्हा पक्षी बांधावर, मिठागरात, पडीक खाजणात आणि कापणीनंतर भाताच्या खाचरात येऊन बसतात. पाच-सहा तास ते एका पायावर उभे राहून झोप घेतात, पिसे साफ करतात. कुत्री मागे लागली किंवा कोणी दगड मारला, तर ते पुन्हापुन्हा उडतात आणि मोठ्या कष्टाने साठवलेली चरबी वाया जाते.

म्हणजे सरकारी अभयारण्य राखले तरी काम पूर्ण होत नाही. ठाण्याच्या खाडीत २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाले व २०२२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु धरमतर, बाणकोट, दाभोळ, भाट्ये अशा खाड्यांच्या काठी भरतीच्या वेळी पक्षी ज्या जमिनीवर बसतो तिचा सातबारा पुष्कळदा शेतकऱ्याच्या नावावर असतो.

पाहण्याची वेळ : तिथीचे गणित

भर ओहोटीला गेल्यास पक्षी लांब पाण्याच्या कडेला असतात व ठिपक्यासारखे दिसतात. पाणी चढत असताना जावे. चढणारे पाणी पक्ष्यांना आपोआप बांधाजवळ आणते. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन-तीन तास सर्वांत चांगले.

भरतीची वेळ काढण्याची आपल्याकडील जुनी रीत उपयोगी पडते. पंधरवड्यातील तिथीची पाऊणपट करावी. येईल तो आकडा म्हणजे भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, द्वादशीस नऊ वाजता पूर्ण भरती. खाडीच्या मुखापासून आत जावे तसा फरक पडतो, म्हणून तास-अर्धा तास पुढेमागे धरावा.

कोकणात समुद्र पश्चिमेला आहे. सकाळी खाडीच्या पूर्वेकडील बांधावर उभे राहिल्यास ऊन पाठीवर येते आणि पक्ष्यांचे रंग स्पष्ट दिसतात. म्हणून दोन्ही पंधरवड्यांतील एकादशी, द्वादशी आणि त्रयोदशी हे सकाळी पक्षी पाहण्याचे उत्तम दिवस होत. सहा-साडेसहाला बांधावर पोहोचावे.

पक्षी कसा ओळखावा?

रंगावरून सुरुवात करू नये. शरदात बहुतेक पक्षी करडेच दिसतात. पुढील चार गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

१. आकार : चिमणीएवढा, साळुंकीएवढा, पारव्याएवढा की कोंबडीएवढा?

२. चोच : आखूड की लांब? सरळ, खाली वाकलेली की किंचित वर वळलेली?

३. चाल : धावून थबकतो, सतत चालतो की शेपूट हलवतो?

४. आवाज व उडताना पंखांवर दिसणारा पांढरा भाग.

चोचीची लांबी म्हणजे त्या पक्ष्याचे अवजार आहे. आखूड चोचीचा वरचे टिपतो, लांब चोचीचा खोल खणतो. त्यामुळे एकाच चिखलावर अनेक जाती भांडण न करता पोट भरतात. प्रारंभी पुढील पक्षी ओळखता आले तरी पुरे.

चिखल्या : गोल डोके, आखूड चोच. थोडे धावतो, थबकतो, टिपतो, पुन्हा धावतो.

तुतवार : साळुंकीहून लहान. एकटा असतो. कमरेपासूनचा भाग सतत वर-खाली हलवतो. दगडी बांध व उघाडीजवळ हमखास दिसतो.

टिलवा : पारव्याहून थोडा लहान, तांबडे पाय. उडताना पंखाच्या मागच्या कडेला पांढरा पट्टा दिसतो. माणूस दिसताच शिट्टी घालून सर्वांना सावध करतो. हिरवट पायांचा टिलवाही येतो. तो तीन वेळा ठसक्यात ओरडतो.

कोरल : कोंबडीएवढा, चोच लांबलचक व खाली वाकलेली. तिने कुर्लीच्या बिळात हात घातल्यासारखे शोधतो. याचा लहान भाऊ डोक्यावरच्या पट्ट्यांवरून ओळखावा.

पाणटिवळा : उंच पाय, लांब व सरळ किंवा किंचित वर वळलेली चोच. थव्याने असतो.

कुरव आणि सुरय : दोघेही पांढरे-राखी, पाण्यावर उडणारे. कुरव जाड बांध्याचा, मासळी बंदराभोवती घिरट्या घालणारा. सुरय सडपातळ, टोकदार पंखांचा, बहुधा दुभंगलेल्या शेपटीचा. पाण्यात सूर मारतो.

भोवत्या : घारीसारखा शिकारी पक्षी. खाजणावरून फार खालून, पंख किंचित वर धरून तरंगत जातो.

गावोगाव नावे निराळी आहेत. आपल्या गावचे नाव आधी लिहावे, पुस्तकातले नंतर. जुनी माणसे व कोळी बांधव यांना विचारावे. ही नावेही एक ठेवा आहेत.

कोणत्या महिन्यात काय पाहावे?

ऑगस्ट : पाऊस चालू असतानाच मोठे पक्षी येऊ लागतात. काहींच्या छातीवर वीण काळातील तांबूस रंग अजून शिल्लक असतो.

सप्टेंबर : थवे वाढतात. आधी आलेल्या आईबापांच्या मागून त्या वर्षीची पिले कोणी वाट न दाखवता येतात.

ऑक्टोबर : धोबी पक्षी बांधांवर व कापलेल्या खाचरांत दिसतात. भोवत्या येतात. कुरवांचे थवे उतरू लागतात.

नोव्हेंबर : तलवार बदक, थापट्या अशी बदके गोड्या पाण्याच्या तळ्यांवर व खाडीच्या शांत भागात येतात.

मार्च-एप्रिलमध्ये हे पाहुणे परत जातात.

नोंदवही कशी ठेवावी?

दुर्बीण असल्यास उत्तम. नसली तरी अडत नाही. डॉ. सलीम अली यांनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळ किहीम येथे सुगरणीची घरटी महिनोन् महिने निरखली आणि तिच्या संसाराचे गूढ उलगडले. एकच जागा आणि रोज तेच काम, यातून ते साधले.

दोनशे पानी वही घ्यावी. पंधरा दिवसांतून एकदा, त्याच बांधावर, त्याच तिथीला जावे. नोंद अशी असावी :

“आश्विन शुद्ध द्वादशी. सकाळी ६.३० ते ८.३०. उघाडी ते चिपीचे झाड. पाणी चढते. कोरल ७, टिलवे अंदाजे ४०, चिखल्ये अंदाजे १२०, भोवत्या १. दोन कुत्र्यांनी थवा दोनदा उठवला.”

मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजावेत, ते किती जागा व्यापतात हे पाहावे आणि तेवढे तुकडे सगळ्या थव्यात किती बसतात ते मोजावे. पक्षी न दिसल्यास ‘शून्य’ लिहावे. शून्य हीही माहितीच आहे. या कामी शाळेतील मुलांना बरोबर घ्यावे. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. भारतीय उपखंडात ती १९८७ पासून सुरू आहे. आपली नोंद त्या वेळी पक्षिमित्रांकडे द्यावी.

पायात धातूची कडी असलेला पक्षी जाळ्यात सापडल्यास कडी काढू नये. तिच्यावरील क्रमांक, तारीख व ठिकाण लिहून पक्षी सोडून द्यावा आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीस कळवावे.

नोंद ठेवण्याने काय साधते, असे कोणी विचारील. कोरलाचा एक भाऊबंद होता, बारीक चोचीचा कोरल. १९९५ साली मोरोक्कोच्या किनाऱ्यावर तो शेवटचा खात्रीने दिसला. पुढे तीस वर्षे शोध झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तो नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. तो कमी होत आहे हे लोकांच्या ध्यानात आले तेव्हा फार उशीर झाला होता. आपल्या खाडीवर येणारे काही चिखल्ये आणि तुतवारही जगभर घटत आहेत.

हे पक्षी भाताचे नुकसान करतात काय?

ही शंका रास्त आहे. चिखल्या, टिलवा, तुतवार, कोरल, पाणटिवळा हे भाताच्या लोंबीला तोंड लावत नाहीत. धोबी व बगळे खाचरातील किडे टिपतात. भोवत्या बांध पोखरणाऱ्या उंदरांवर झडप घालतो. बदके मात्र दाणे खातात. पण ती येतात तोवर बहुतेक भात खळ्यात गेलेले असते आणि ती सांडलेले वेचतात. निसवलेल्या भाताला त्रास होतो तो मुनिया, सुगरण, चिमणी या येथल्याच पक्ष्यांचा. त्यांच्यासाठी चमकत्या फिती लावाव्यात, राखण करावी.

विषारी दाणे टाकू नयेत. विष पाखरात भेद करत नाही. ते मेलेले पाखरू खाणाऱ्या घारीला मारते आणि पाण्यातून मासळीतही जाते. फोरेट या दाणेदार औषधावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. जुना साठा घरात असल्यास तो वापरू नये. तसेच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार या पक्ष्यांना पकडणे व मारणे गुन्हा आहे.

खारजमीनधारकांनी काय करावे?

१. बांधाच्या पायथ्याची तिवरे, चिपी, कांदळ तोडू नयेत. उधाणाच्या लाटांचा जोर ती मोडतात व बांध वाचतो.

२. त्यापुढची उघडी चिखलपट्टी मोकळी राहू द्यावी. तेथे भराव किंवा कचरा टाकू नये. सरसकट झाडेही लावू नयेत. दाट झाडीत हे पक्षी चरत नाहीत.

३. भरतीच्या वेळी थवा बसतो तो तुकडा ओळखून ठेवावा. तेवढे दोन-तीन तास तेथे गुरे व कुत्री सोडू नयेत.

४. खाजण भरावासाठी किंवा तलावासाठी देण्याचा विचार असेल, तर शेजाऱ्यांशी बोलावे. एकाचा बांध फुटला की खारे पाणी सगळ्यांच्या शेतात शिरते. एकदा भराव पडला की ती जमीन भाताची राहत नाही आणि पक्ष्यांचीही राहत नाही.

५. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने क्षार सहन करणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या भाताच्या जाती दिल्या आहेत. खाजण पिकते राहिले तरच ते टिकेल. जातींविषयी नजीकच्या कृषी विज्ञान केंद्राकडे चौकशी करावी.

आपल्या आजा-पणज्यांनी चिखल, पेंढा आणि दगड यांनी हे बांध घातले ते भातासाठी. पाखरांचा विचार त्यांच्या मनात नसेलही. तरीही त्या बांधाच्या आडोशाला दर शरदात हजारो मैलांवरून पाहुणे येऊन बसतात. घरी आलेल्या पाहुण्याला पाट द्यावा आणि तो कोण, कोठला याची विचारपूस करावी, ही आपली रीत आहे. येत्या द्वादशीला वही घेऊन बांधावर जावे आणि पहिल्या पानावर तारीख घालावी.