मुडपलेल्या नळ्यांविषयी

नौपाडा, ठाणे
गुरुवार, रात्री

चि. बाळू,

तुझी खुशाली तुझ्याकडून कळण्याऐवजी माणकोली नाक्यावर भेटलेल्या, खोपट आगारातल्या आमच्या एका जुन्या चालकाकडून कळावी, आणि तीही अशी की ऐकल्यापासून अन्न गोड लागू नये, याचे मला जेवढे दुःख झाले तेवढाच संताप आला आहे. त्यांनी सांगितलेली हकिगत अशी की गेल्या मंगळवारी पहाटे लासलगावचा कांदा भरलेली आपली गाडी त्यांनी पडघ्याजवळ उभी पाहिली, सवयीने वाकून खाली नजर टाकली, तेव्हा मागच्या उजव्या ब्रेक चेंबरच्या दोन्ही रबरी नळ्या मुडपून तारेने आवळलेल्या आणि त्याच चेंबरचा स्प्रिंग बोल्टाने ओढून जखडून ठेवलेला त्यांना दिसला. म्हणजे त्या चाकाला पायाचा ब्रेक नाही आणि हँडब्रेकही नाही. आणि नाशिककडून येणारी भरलेली गाडी पडघ्याला पोहोचली, याचा अर्थ ती त्याच अवस्थेत कसाऱ्याचा घाट उतरली. ही नुसती अफवा असेल तर एका ओळीने तसे कळव, मी त्या गृहस्थांना चार शब्द ऐकवीन. पण उभी हयात ज्यांनी घाटात एस. टी. चालवली त्यांचे डोळे या बाबतीत सहसा फसत नाहीत, हे तुलाही ठाऊक आहे.

नळी मुडपण्याची विद्या तुला कोणी दिली हे मी विचारत नाही. ती रस्त्यावर फुकट मिळते. तिचे अस्सल प्रयोजन इतकेच की रानात अडकलेली रिकामी गाडी सपाट रस्त्याने, माणसाच्या चालीने, जवळच्या गॅरेजपर्यंत न्यावी. दहा टन भरतीनिशी घाट उतरण्याची ती परवानगी नव्हे. दाजी तुला लहानपणी गाडीच्या नावाचा अर्थ समजावून सांगत असत तो तू विसरला नसशील: १६१३ मधले पहिले दोन अंक वजनाचे, सोळा टन, आणि शेवटचे दोन ताकदीचे, एकशेतीस अश्वशक्ती, टेल्कोने १९५४ साली ज्या जर्मनांशी करार करून गाड्या बांधायला घेतल्या त्यांच्याकडून आलेला हा रिवाज. वजन आधी आणि ताकद मागाहून, हा क्रम मला नेहमीच शहाणपणाचा वाटत आला आहे. ते सोळा टन उतारावर रोखून धरण्याचे काम चार कोपऱ्यांत वाटलेले असते. त्यांतला मागचा एक कोपरा तू कमी केलास, की पाय दाबताच गाडी डावीकडे ओढ घेणार, उरलेले ड्रम अधिक तापणार, आणि तापलेला ड्रम फुगून लायनरपासून दूर सरकला की चेंबरच्या दांडीला जास्त पल्ला चालावे लागणार. इगतपुरीला थंड असताना बरोबर लागणारा ब्रेक घाटाच्या तळाशी तसाच लागेल, ही हमी कोणी देत नाही.

आणि त्या स्प्रिंगविषयी तर मला अधिकच बोलावयाचे आहे. १८६९ साली अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊस याने आगगाडीला हवेचा ब्रेक बसवला तेव्हा हवा आली की ब्रेक लागे आणि नळी तुटली की ब्रेकच नाहीसा होई. पुढे १८७२ च्या सुमारास त्याने ती सारी रचना उलटी करून टाकली, की हवा असेल तोवर ब्रेक सुटलेला राहावा आणि हवा गेली की तो आपोआप लागावा. आपल्या थळ घाटात, जेथे लोहमार्ग १८६५ पासून ३७ फुटांत एक फूट चढतो आणि जेथे आजही कसाऱ्याला गाडीमागे जादा इंजिने लावावी लागतात, तेथे उतरणाऱ्या प्रत्येक गाडीचा जीव या एका उलट्या विचारावर अवलंबून आहे. तुझ्या मागच्या चाकांच्या चेंबरमध्ये जो जाड स्प्रिंग आहे तो याच विचाराचा वंशज होय. हवा त्याला दाबून धरते. हवा उतरली की तो उसळतो आणि चाक धरून ठेवतो. गाडीत जे काही सत्यानाश होण्याजोगे होईल ते झाल्यावरही शेवटी जो पहारा द्यायचा, तो याने. आणि नेमका त्यालाच तू बोल्टाने बांधून ठेवलास.

(त्या बोल्टाने स्प्रिंग आवळणे वेगळे आणि स्प्रिंगच्या डब्याची कडी उघडणे वेगळे. ती कडी कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून, उघडू नकोस. आत शेकडो किलोंचा जोर कोंडलेला असतो. तो सुटला म्हणजे समोरच्या माणसाला हलण्याइतकी सवड देत नाही. तो डबा खराब झाला तर अख्खा बदलावा.)

मला अधिक लागले ते हे की तू गळती शोधलीच नाहीस. शोधली असतीस तर दोन्ही नळ्या मुडपल्या नसत्यास, कारण एकाच चेंबरच्या दोन्ही बाजू एकाच वेळी फाटल्याचे मी फार क्वचित पाहिले आहे. हवा कोठे जाते हे ती स्वतःच सांगत असते, फक्त तिला नीट प्रश्न विचारावे लागतात. रात्री रहदारी ओसरल्यावर सपाट जागी गाडी उभी कर, पुढच्या चाकांना दोहो बाजूंनी लाकडाचे ठोकळे लाव, टाक्या भर, काटा सात-आठ किलोवर येऊन अनलोडरने हवा सोडली की इंजिन बंद कर आणि हँडब्रेक सोडून नुसता ऐकत राहा. पाय न लावताही आवाज येत असेल तर टाकीच्या खालच्या चाव्या, सांधे आणि हँडब्रेकची वाट तपास. मग सीट आणि पेडल यांच्यामध्ये लाकडी दांडके अडकवून पेडल दाबलेले ठेव. आता नव्याने जो आवाज येईल तो पायाच्या ब्रेकच्या वाटेवरचा, आणि तो चेंबरच्या बारीक भोकांतून येत असेल तर आतला डायफ्राम गेला समज. उलट, हँडब्रेक ओढल्यावर आवाज बंद पडत असेल तर दोष स्प्रिंगच्या बाजूचा.

येथे एक खोच आहे, जिच्यापायी मी अनेक शहाण्या मिस्त्र्यांना नवा कोरा रिले व्हॉल्व्ह फुकट बसवताना पाहिले. पाय मोकळा असताना रिले व्हॉल्व्हच्या खालच्या तोंडातून हवा सुटू लागली की सगळे त्या व्हॉल्व्हवरच आळ घेतात. परंतु चेंबरच्या मधल्या पडद्याचे सील झिजले असेल तर स्प्रिंगच्या कप्प्यातली हवा पायाच्या ब्रेकच्या कप्प्यात शिरते आणि तेथून उलटी येऊन त्याच तोंडाने बाहेर पडते. म्हणून आधी हँडब्रेक ओढून पाहावे. आवाज थांबला तर व्हॉल्व्ह निर्दोष, अपराधी चेंबर. मग हँडब्रेक पुन्हा सोडावा, ठोकळे जागच्या जागी आहेत ना ते बघावे, आणि दोन्ही बाजूंच्या चेंबरवरची पायाच्या ब्रेकची नळी एकेक करून सोडावी. ज्या चेंबरच्या तोंडातून हवा येईल तो बदलावा. या सगळ्याला पाना, दांडके, साबणाचे पाणी आणि दाढीचा जुना ब्रश याहून अधिक काही लागत नाही. सांध्याला फेस लावला आणि बुडबुडा धरला की वाद संपला. तुझ्या गाडीला हे पाऊण तासाचे काम होते, आणि त्याऐवजी तू तार घेतलीस!

टाक्यांतले पाणी तू रोज काढतोस की नाही, हेही मला आता विश्वासाने सांगता येत नाही. कल्याण-डोंबिवलीच्या दमट हवेत, आणि पावसाळ्यात शीळफाट्याला तासन्‌तास उभे राहून, कॉम्प्रेसर जेवढी हवा ओढतो तेवढी तिच्याबरोबर ओलही ओढतो. ती टाकीत साचते, व्हॉल्व्हच्या आत गंज धरते आणि रबर कुजवते. खालची चावी उघडल्यावर नितळ पाणी आले तर ठीक. ताकासारखे पांढुरके काही आले तर कॉम्प्रेसरच्या रिंगा तेल सोडीत आहेत, आणि मग नुसती चेंबरची किटे बदलून गाडी बरी होणार नाही. दाजी हे काम रोज संध्याकाळी, हातपाय धुण्याच्या आधी करीत. गाडीखालून तो फुसकारा आला की आक्का चहाचे आधण ठेवी, एवढा तो नेम होता.

दाजींचे नाव निघाले म्हणून लिहितो. त्यांनी पहिली गाडी घेतली तेव्हा मला अर्धी भागीदारी देऊ केली होती, हे तुला आक्काने कधी सांगितले आहे की नाही कोण जाणे. माझी एस. टी.तली नोकरी नुकतीच कायम झाली होती. रजा, क्वार्टर अशा शब्दांचे मला तेव्हा फार अप्रूप होते, आणि मी त्यांना लेखी नकार कळवला, जणू ते एखादे सरकारी खातेच होते. ते हसले आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. पुढे खोपटच्या खड्ड्यात बसच्या खाली उभा राहून मी दुसऱ्यांचे ब्रेक बांधीत असताना ते आग्रा रोडने हॉर्न देत जात, आणि तो हॉर्न मला नेमका ओळखू येई. त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून मी एकदाही घाट उतरलो नाही. सवड मिळेल तेव्हा जाऊ, असे म्हणता म्हणता ते गेले. त्यांनी ही १६१३ तुझ्या हवाली केली तेव्हा मला वाटले होते की आता तुझ्याबरोबर तरी जाईन, आणि तू तर मला गाडीची साधी बातमीही देत नाहीस.

पुन्हा त्याच गोष्टीवर येतो, कारण मन तेथून हलत नाही. घाटनदेवीला तू थांबला असशील, नारळ ठेवला असशील, दाजीही ठेवीत. पण ते नारळ ठेवून येऊन इंजिन बंद करीत आणि पेडल दाबून क्षणभर कान देऊन बसत, हे तुझ्या तेव्हाच्या वयात लक्षात आले नसेल. तेथे थांबल्यावरही तुला त्या चेंबरकडे पाहून पुढे जाववले कसे? चढताना लागतो तोच गियर उतरताना, डिझेल वाचवायला न्यूट्रल नाही, आणि पेडल टिचक्या मारल्यासारखे सारखे दाबून हवा उधळणे नाही, हे सर्व तू पाळतोस, मला माहीत आहे. माझ्यापेक्षा तू घाटात सरस आहेस. पण ते सारे कसब दोन नळ्यांत मुडपून ठेवलेस, तर ते आणीबाणीला कोठून आणशील? गाडी आठ वर्षांवरची असल्यामुळे पासिंग दर वर्षी आहे, आणि कल्याणच्या आरटीओत तू ती तार सोडून, स्प्रिंग मोकळा करून गाडी उभी करशीलही. परंतु दाखला हा त्या एका सकाळचा असतो आणि घाट रोजचा.

एवढे लिहून मघाशी लेखणी खाली ठेवली होती. तुझी मामी म्हणाली, की पोराला रागावता खरे, पण त्याने तसे का केले हे विचारलेत काय? विचारले नाही. कांद्याची गाडी, पहाटेच्या आत वाशीच्या बाजारात लागली नाही तर भाव उतरणार आणि व्यापारी भाड्यातून कापणार; बँकेचा हप्ता महिन्याच्या दहा तारखेला; त्यातच इगतपुरीला रात्री दोन वाजता कोणते दुकान उघडे असते? मी पगारी माणूस. माझ्या बसला चेंबर लागला तर मी स्टोअरला चिठ्ठी लिहीत असे आणि तो येई. आला नाही तर बस उभी राही आणि पगार मात्र पहिल्या तारखेला होई. तुला चिठ्ठी लिहायला कोणी नाही. हे मला आधीच सुचावयास हवे होते.

तेव्हा आता असे कर. उद्या भाडे घेऊ नकोस. गाडी रिकामी, सावकाश, बोल्ट आणि तार तशीच ठेवून माणकोलीच्या आपल्या गॅरेजवर आण; मी खोपटहून दहाच्या एस. टी.ने पोहोचतो. चेंबर नवे घेऊ, दोन्ही बाजूंचे, एक जुना आणि एक नवा असा संसार नको. कळंबोलीला भाव उतरतील म्हणून तेथे जाऊ नकोस, थोडे जास्त पडले तरी भिवंडीतच घेऊ. पैसे माझ्या पोस्टाच्या खात्यावर आहेत आणि मामीला विचारलेले आहे. हप्त्याला कमी पडत असतील तर तेही त्यातच धर, परत करण्याची तारीख मी विचारणार नाही. स्लॅक अ‍ॅडजस्टर मी बघेन. माझे गुडघे गाडीखाली जायला कुरकुरतात, पण तू खाली निजलास आणि मी वरून पेडल धरले तर दांडक्याची गरज उरणार नाही. झाल्यावर एकदा मला तुझ्या शेजारी बसवून पडघ्यापर्यंत ने आणि आण. पुढच्या लासलगावच्या भाड्याला जागा असेल तर मलाही घे. रात्रीचा स्वेटर आहे.

आक्काला यातले काही सांगू नकोस, मीही सांगत नाही. तिला फक्त सांग की मामाने उद्या जेवायला बोलावले आहे, आणि मामी बिरड्याचे वाल भिजत घालते आहे.

तुझा,
मामा