हवेतून निरोप

पॅसिफिक महासागरात हवाई नावाची बेटे आहेत. चहूकडे पाणीच पाणी. तिथे एक विद्यापीठ आहे. त्याचा मुख्य भाग होनोलुलु शहरात आहे. बाकीची कॉलेजे लांब लांब आहेत. काही तर दुसऱ्या बेटांवर आहेत.

1970 सालच्या सुमाराची गोष्ट. विद्यापीठाचा मोठा संगणक होनोलुलुत होता. संगणक म्हणजे झटपट हिशेब करणारे यंत्र. त्या काळी तो फार महाग. प्रत्येक कॉलेजाने नवा कुठून घ्यायचा? एकाच संगणकावर सर्वांनी काम केले तर बरे. पण लांबच्या माणसाने त्याला प्रश्न धाडायचा कसा? टेलिफोनची तार होती. पण तिचा खर्च भारी, आणि तिचा भरवसाही कमी.

तिथे नॉर्मन अब्रामसन नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी तार सोडली आणि रेडिओ धरला. त्यांनी एक पेटी तयार केली. पेटीत रेडिओ होता आणि मोडेम होता.

मोडेम म्हणजे काय? संगणकाला दोनच खुणा कळतात, 0 आणि 1. रेडिओवरून मात्र लाटा जातात. मोडेम हा मधला दुभाषा. तो खुणांच्या लाटा करतो. पलीकडचा मोडेम लाटांच्या परत खुणा करतो.

जून 1971 मध्ये काम सुरू झाले. या जाळ्याला ‘अलोहानेट’ म्हणत. आपण भेटल्यावर राम राम म्हणतो, तसे तिकडे ‘अलोहा’ म्हणतात.

पण एक अडचण होती. पेट्या पुष्कळ, आणि हवेतून जायची वाट एकच. दोन पेट्या एकदम बोलल्या तर? ग्रामसभेत दोघे एकदम बोलू लागले की काय होतं? कुणाचंच ऐकू येत नाही. इथेही तसेच. दोन्ही निरोप बिघडत.

मग पाळी लावायची का? पण ज्याला काही सांगायचे नाही, त्याची पाळी फुकट जाते. ज्याला घाई आहे, तो ताटकळतो. म्हणून त्यांनी सोपे नियम केले.

निरोप लहान लहान तुकड्यांत धाडावा.
हवा तेव्हा धाडावा. कुणाला विचारायला नको.
निरोप नीट मिळाला की मुख्य ठाणे पोच देईल. पोच येण्याची वाट वेगळी.
पोच आली नाही, तर थोडे थांबावे आणि पुन्हा धाडावे.

इथे एक खुबी आहे. दोघे सारखाच वेळ थांबले, तर पुन्हा टक्कर होईल. म्हणून प्रत्येक पेटी कमीजास्त वेळ थांबे. एक आधी बोले, दुसरी मागून. मुकादम नाही, भांडण नाही, तरी काम होई.

पण गर्दीला मर्यादा होती. 100 मिनिटांत फार तर 18 मिनिटेच कामी येत. त्यापलीकडे गर्दी झाली की टकरा वाढत. टकरा वाढल्या की तेच निरोप पुन्हा धाडावे लागत. त्याने गर्दी आणखी वाढे. 1972 मध्ये लॅरी रॉबर्ट्स यांनी यावर तोड सुचवली. घंटेच्या ठोक्यालाच बोलायचे, मध्ये नाही. त्याने दुप्पट काम होऊ शकते.

डिसेंबर 1972 मध्ये हे जाळे उपग्रहामार्फत अमेरिकेतल्या ‘अर्पानेट’ या मोठ्या जाळ्याला जोडले गेले. त्याच अर्पानेटमधून पुढे इंटरनेट वाढले.

आता तुमच्या खिशातला मोबाईल पाहा. फोन लावताना तो आधी टॉवरकडे लहानसा निरोप धाडतो. उत्तर आले नाही, तर जरा थांबतो व पुन्हा विचारतो. कॉलेजातल्या वाय-फायची रीतही याच जातीची. फक्त तिथे यंत्र आधी कानोसा घेते, मग बोलते.

जत्रेत फोन लवकर लागत नाही ना? हजारो फोन एकदम विचारतात, हे त्याचे एक कारण. तेव्हा लागोपाठ बटण दाबू नका. त्याने गर्दीच वाढते. जरा दम धरा, मग लावा. तुमचाही लागेल, शेजाऱ्याचाही लागेल.

सांगा पाहू :
1. मोडेमला दुभाषा का म्हटले आहे?
2. पोच आली नाही, तर पेटी काय करी?
3. दोन्ही पेट्या सारखाच वेळ थांबल्या, तर काय होईल?