नदीकाठचे शेजारी

नदीकाठच्या खेड्यांतून पूर्वापार एक रीत चालत आलेली होती. पिण्याचे पाणी भरावयाचे ते प्रवाहाच्या वरच्या बाजूस. धुणे धुवावयाचे ते त्याच्या खाली. आणि गुरे पाण्यात घालावयाची ती त्याहूनही खाली. ही रीत कोणी कागदावर लिहून ठेवलेली नव्हती. परंतु ती लहान मुलांनाही ठाऊक असे. पाणवठ्याच्या वर कोणी म्हैस पाण्यात घातली, तर पाणी भरणाऱ्या बायका त्याला चांगलेच फैलावर घेत.

या रीतीत मोठे शहाणपण होते. तथापि तीत एक उणीवही होती. एका गावाची खालची बाजू ही पुढच्या गावाची वरची बाजू असते! वस्ती विरळ होती तोवर ही उणीव फारशी जाणवली नाही. दोन गावांमधील कोस-दोन कोसांच्या वाटेत नदी आपले पाणी आपणच निवळून घेत असे. पुढे गावांची शहरे झाली, आणि हा हिशेब बदलला.

पुणे शहराचेच उदाहरण पाहावे. खडकवासल्याकडून मुठा येते, मुळशीकडून मुळा येते. पवना नदी पिंपरी-चिंचवडमधून वाहत येऊन दापोडीजवळ मुळेस मिळते. मुळा व मुठा यांचा संगम पुण्यात होतो, आणि तेथून मुळा-मुठा या जोडनावाने ती नदी पूर्वेकडे जाऊन दौंड तालुक्यात भीमेला मिळते. भीमेचे पाणी उजनीच्या धरणात साठते. हेच पाणी सोलापूरचे नागरिक पितात, आणि हीच भीमा पुढे पंढरपुरास चंद्रभागा म्हणून ओळखली जाते.

स्वच्छ पाणी आणण्याची विद्या पुण्याने फार लवकर हस्तगत केली. अठराव्या शतकात, नानासाहेब पेशव्यांच्या काळी, कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळाने पाणी आणून ते शनिवारवाड्यास व पेठांतील हौदांना पुरविण्यात आले. एकोणिसाव्या शतकात खडकवासल्याचे धरण झाले. विसाव्या शतकात पानशेत व वरसगाव येथे धरणे उभी राहिली. परंतु वापरून झालेल्या पाण्याचे काय करावयाचे, या प्रश्नाकडे तितके लक्ष गेले नाही. पाणी घरात येते तेव्हा त्याचे कौतुक होते; मोरीतून बाहेर पडले, की त्याचा विसर पडतो.

दरम्यान वस्ती वाढतच होती. १९५० साली पुणे महानगरपालिका स्थापन झाली. शेजारची पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावे कारखान्यांमुळे भरभराटीस आली. १९७० साली त्यांची मिळून एक नगरपालिका झाली व १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. नकाशावर दोन शहरांमध्ये सीमारेषा आखली गेली. माणसे ती रेषा मानतात. पाणी मानीत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. तीत मुळा, मुठा आणि पवना या तिन्ही नद्यांची नावे होती.

एकाच नदीच्या काठी अनेक शहरे असली, तर त्यांनी काय करावे? हा प्रश्न युरोप खंडातील ऱ्हाईन नदीने तेथील लोकांपुढे टाकला. ही नदी स्वित्झर्लंडच्या आल्प्स पर्वतात उगम पावते आणि अनेक देशांतून सुमारे १,२३० किलोमीटर वाहत जाऊन नेदरलँड्समध्ये समुद्रास मिळते. तिच्या काठी बाझल, स्ट्रासबुर्ग, कोलोन यांसारखी शहरे व अगणित कारखाने आहेत. प्रत्येकाने आपले सांडपाणी नदीत सोडावे व खालच्या शहराने ते सोसावे, असा तेथे परिपाठ पडला होता. १९५० साली पाच देशांनी एकत्र येऊन ऱ्हाईनच्या रक्षणासाठी एक आयोग नेमला. परंतु सुरुवातीस काम संथपणेच चालले. लोक त्या नदीला ‘युरोपचे गटार’ म्हणू लागले.

नेदरलँड्समधील रॉटरडॅम हे बंदर नदीच्या अगदी मुखाशी आहे. वरच्या सर्व शहरांचा गाळ तेथे येऊन साचे. बंदर चालू ठेवण्यासाठी तो सतत उपसावा लागे. पूर्वी हा गाळ शेतांवर पसरीत. पण पुढे तो इतका विषारी झाला, की शेतात टाकण्याची सोय उरली नाही. तेव्हा रॉटरडॅमच्या लोकांनी केवळ कुरकुर केली नाही. प्रवाहाच्या उलट दिशेने जात, कोणते विष कोठून येते याचा त्यांनी शोध घेतला आणि दुसऱ्या देशांतील कारखान्यांशी बोलणी करून विषारी द्रव्ये कमी करण्याचे करार केले.

अशातच १ नोव्हेंबर १९८६ रोजी बाझलजवळ एका रासायनिक कारखान्याच्या गोदामास आग लागली. आग विझविण्यासाठी मारलेले पाणी कीटकनाशके घेऊन नदीत उतरले. नदी तांबडी झाली, आणि शेकडो किलोमीटरपर्यंत मासे मरून तरंगू लागले. एका गावची आग, आणि तिची झळ अनेक देशांना! या आघाताने सर्वांचे डोळे उघडले. १९८७ साली नदीकाठच्या देशांनी एक निश्चित कार्यक्रम ठरविला. २००० सालापर्यंत सॅमन मासा ऱ्हाईनमध्ये परत यावा, हे त्याचे एक उद्दिष्ट होते. हा मासा समुद्रातून उलट पोहत नदीच्या वरच्या भागात अंडी घालावयास जातो. वाटेतील एकाच शहराने पाणी नासविले, तरी त्याची वाट अडते. म्हणजे मासा परत येणे ही साऱ्या शहरांची एकत्र परीक्षाच होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस सॅमन खरोखरच परत येऊ लागला.

पुढे अशी एकजूट केवळ नदीपुरती राहिली नाही. मे १९९४ मध्ये डेन्मार्कमधील आल्बोर्ग या गावी युरोपातील अनेक नगरांचे प्रतिनिधी जमले आणि ८० स्थानिक संस्थांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. पुढे त्यात सामील झालेल्या संस्थांची संख्या दोन हजारांवर गेली. त्या जाहीरनाम्याचा एक आशय ध्यानात ठेवण्याजोगा आहे: कोणत्याही शहराने आपल्या अडचणी बाहेरच्या प्रदेशावर ढकलू नयेत आणि पुढच्या पिढीवरही ढकलू नयेत. शेजारी केवळ जागेचेच नसतात, काळाचेही असतात. आज जन्मास न आलेली मुले हीदेखील आपली शेजारीच होत.

पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांनाही एकत्र काम करणे अपरिचित नाही. या दोन शहरांच्या बससेवा पूर्वी वेगवेगळ्या होत्या. २००७ साली त्या एक करण्यात आल्या, आणि तीच बस दोन्ही शहरांच्या रस्त्यांवरून धावू लागली. त्याच वर्षी कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था पुण्यात स्थापन झाली. तिचे सभासद दारोदार जाऊन ओला व सुका कचरा वेगळा गोळा करतात आणि कागद, काच, पत्रा असा पुन्हा उपयोगी पडणारा माल निवडून काढतात. जो कचरा असा निवडला जात नाही, तो शहराबाहेर टाकावा लागतो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या हद्दीत टाकला जात असे; त्याचा त्रास असह्य होऊन तेथील ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अनेकदा अडविल्या. खालच्या काठचा शेजारी केवळ नदीलाच असतो असे नाही.

नदीसाठी आवश्यक असतात ती सांडपाण्याची शुद्धीकरण केंद्रे. तेथे प्रथम जाळीने चिंध्या, प्लास्टिक व काड्या अडविल्या जातात. मग वाळू खाली बसू देतात. नंतर मोठ्या टाक्यांत पाण्यात हवा सोडतात. त्या हवेवर असंख्य सूक्ष्म जीवाणू वाढतात आणि पाण्यातील घाण खाऊन टाकतात. हेच काम नदीही करीत असते. परंतु तिच्या शक्तीला मर्यादा आहे. घाण फार झाली, की जीवाणू पाण्यात विरघळलेला सारा प्राणवायू वापरून टाकतात आणि मासे गुदमरून मरतात. अशी आणखी अकरा केंद्रे बांधण्याच्या पुण्याच्या योजनेसाठी २०१६ साली जपानकडून कर्ज मिळविण्याचा करार झाला. तथापि, एका शहराने पाणी शुद्ध केले आणि दुसऱ्याने केले नाही, तर नदी शुद्ध होत नाही. पवनेची घाण मुळेत येते, मुळेची संगमावर येते, आणि सर्वांची मिळून उजनीस जाते.

दरवर्षी देहू व आळंदीहून निघालेल्या पालख्या पुण्यात मुक्काम करतात आणि पंढरपूरची वाट धरतात. पुणेकर वारकऱ्यांचे प्रेमाने स्वागत करतात. कोणी त्यांना जेवू घालतो, कोणी त्यांचे थकलेले पाय चेपतो. पुण्याच्या मोरीतून निघालेले पाणीही त्याच दिशेने निघालेले असते. ज्या वारकऱ्याला पुण्याने पाण्याचा तांब्या हातात दिला, तोच पुढे चंद्रभागेत उतरून तेथील पाण्याची ओंजळ भरणार असतो. ती ओंजळ कशी असावी, हे पुष्कळ अंशी वरच्या काठच्या शहरांच्या हाती आहे.

स्वाध्याय

१. पाणवठ्याच्या जुन्या रीतीत कोणती उणीव होती?
२. सॅमन मासा परत येणे ही ‘साऱ्या शहरांची एकत्र परीक्षा’ का म्हटली आहे?
३. ‘शेजारी केवळ जागेचेच नसतात, काळाचेही असतात’ या वाक्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या गावाचे सांडपाणी कोठे जाते व त्याच्या खालच्या बाजूस कोणते गाव आहे, याची माहिती मिळवा.