फिल्टरला सारखा हात लावू नकोस

बाळा, स्वतःची गाडी घेतलीस, आता माझं एक ऐकून ठेव. एअर फिल्टर तुंबला एवढ्यानं इंजिन खोलायची पाळी सहसा येत नाही. फिल्टरच्या बाजूनं चोरून हवा आत जायला लागली, तर मात्र लायनर-पिस्टनचा खर्च अंगावर येतो. तुंबलेला फिल्टर तुला सांगतो तरी. लोड भरून आंबा घाट चढताना गाडी ओढत नाही, काळा धूर सोडते, ॲव्हरेज पडतं. हवा लीक असली की असलं काही कळत नाही. गाडी मस्त पळते आणि आत बोअर घासत असतो.

एक लिटर डिझेल पुरतं जळायला निदान १०,००० लिटर हवा लागते आणि प्रत्यक्षात इंजिन त्याहून बरीच जास्त ओढतं. ३०० लिटरची टाकी संपवलीस की ३० लाख लिटरच्या वर हवा सिलिंडरमधून गेली. आता ही हवा कुठली, ते बघ. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत साच्याला वापरतात ती वाळू म्हणजे सिलिका, साध्या पोलादापेक्षा कठीण. तू तिथं गाडी लावून, इंजिन चालू ठेवून लोडिंगची वाट बघत बसतोस. राधानगरी-शाहूवाडीकडं बॉक्साइटच्या रस्त्याला लाल धूळ. डोळ्याला दिसणाऱ्या खड्याचं भय नाही. ५ ते २० मायक्रॉनची भुकटी वाईट, केसाची जाडीच सत्तरेक मायक्रॉन असते. ती भुकटी ऑइलात मिसळून रिंग आणि लायनरच्या मधे बसते. व्हॉल्व्ह घासायला आपण पेस्ट लावतो ना, तसलीच पेस्ट आत तयार होते. मग इंजिन ऑइल खातं, ब्रीदरमधून धूर फुसफुसतो, सकाळी स्टार्टिंगला कुरकुर सुरू होते. तोवर वेळ गेलेली असते.

म्हणून माझा पहिला कानमंत्र: रोज उठून फिल्टर काढायचा नाही. पोरांना वाटतं, साफ केला की गाडीची सेवा झाली. पण कोरा कागदी फिल्टर पहिल्या दिवशी जेवढी धूळ अडवतो, त्यापेक्षा थोडा थर बसल्यावर जास्त अडवतो. शिवाय फिल्टरचा डबा जितक्या वेळा उघडशील, तितक्या वेळा चिमूटभर धूळ आतल्या बाजूला सांडते आणि रबर सीलची बैठक हलते. इंडिकेटर कशाला दिलाय? बऱ्याच गाड्यांत तो पाण्याच्या २५ इंचांइतकी ओढ झाली की लाल होतो. तो बघ, कंपनीचं पुस्तक बघ, आणि मग हात घाल.

फिल्टर टायरवर आपटायचा तर अजिबात नाही. त्यानं घड्या फुटतात, कडेची चकती वाकते आणि सील कायमचं बिघडतं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची पूर्ण हवा मारणं त्याहून वाईट, कागदाला बारीक भोकं पडतात. अडलंच तर हवा २ बारच्या आत ठेव, आतून बाहेर मार, नळी कागदापासून लांब धर. मग अंधारात नेऊन फिल्टरच्या पोटात बल्ब धर. कुठं उजेडाचा ठिपका दिसला तर तो फिल्टर टाकून दे, त्याचा मोह धरू नकोस. आतला छोटा सेफ्टी फिल्टर कधीही साफ करायचा नसतो, वेळ झाली की थेट नवा घालायचा.

लीक ओळखायची खूण सोपी आहे. फिल्टरच्या पुढचा, टर्बोकडं जाणारा पाईप सोडव आणि आतून पांढऱ्या फडक्यानं पूस. फडक्यावर धूळ आली तर फिल्टर कितीही नवा असो, हवा कुठून तरी चोरून जातेय. होजला चीर असेल, क्लिप सैल असेल, नाहीतर स्वस्तातल्या डुप्लिकेट फिल्टरचं रबर नीट बसत नसेल. रबर बोटानं दाबून बघितल्याशिवाय दुकानातून फिल्टर घेऊ नकोस.

गाडी बीएस-सहा असेल तर धुराची वाट बघू नकोस. १ एप्रिल २०२० पासूनच्या या गाड्यांत हवा कमी पडली की कॉम्प्युटर डिझेल कमी करतो. धूर दिसत नाही, नुसती ओढ मरते, आणि काजळी डीपीएफमध्ये, म्हणजे धुराच्या फिल्टरमध्ये, साठत जाते. जुन्या पंपाच्या गाडीत तसं नाही. तिथं पाय दाबला की डिझेल जाणारच, हवा असो नसो. आणखी जुन्या, ऑइल बाथ फिल्टरच्या गाडीत ऑइल खुणेपर्यंतच भर. जास्त झालं तर इंजिन ते ओढून घेतं आणि स्वतःच्या मनानं पळत सुटतं.

उसाच्या हंगामात कारखान्याच्या आवारात पाचट आणि बगॅसचा भुसा हवेच्या तोंडाच्या जाळीवर बसतो. तेवढी जाळी हातानं साफ केलीस तरी गाडीला श्वास मिळतो, फिल्टर उघडायला नको. पावसाळ्यात गगनबावड्याकडं कागद भिजला तर वाळवून परत घालू नकोस, बदल. आणि २०१९ च्या ऑगस्टात, २०२१ च्या जुलैत शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, तसं पुन्हा आलं आणि गाडी पाण्यात उभी राहिली, तर पाणी ओसरल्यावर सेल्फ मारू नकोस. पाणी दबत नाही. एका सेल्फमध्ये कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी फिल्टरचा डबा उघडून बघ, ओला असेल तर मिस्त्रीला बोलव.

उद्या लोड घेण्याआधी केबिन उचल. डब्यापासून टर्बोपर्यंतची होज हातानं चाचप, क्लिपा आवळ, डब्याखालची धूळ सोडणारी रबरी टोपी फाटली असेल तर लगेच नवी आण. इंडिकेटर हिरवा असेल तर फिल्टर तसाच राहू दे.