भूमीचा विसावा आणि गरिबाची शेळी

शास्त्रभाग : निर्गम 23:10, 11, लेवीय 25:1-7.

मनुष्याने व गुराढोरांनी सातव्या दिवशी विसावा घ्यावा, ही आज्ञा आपणा सर्वांस ठाऊक आहे. परंतु भूमीलाही सातव्या वर्षी विसावा द्यावा, असे देवाने इस्राएल लोकांस सांगितले होते, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. त्या वर्षी पेरणी करावयाची नाही, द्राक्षमळ्याची छाटणी करावयाची नाही. भूमी देवाची आहे, आपण तिच्यावर उपऱ्यांप्रमाणे राहतो, हा ह्या नियमाचा पाया होय.

विसाव्याने भूमी कशी सुधारते हे पाहावयाचे असल्यास अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव पाहावे. तेथे वर्षास सुमारे 400 मिलिमीटर इतकाच पाऊस पडतो. 1972 च्या दुष्काळानंतर गावाची दशा वाईट झाली; डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, लोक पोटासाठी बाहेर गेले. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले व पुढे गाव आदर्श गाव योजनेत आले. गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली, उतारांवर समतल चर खणले, आणि शेतीसाठी कूपनलिकेचे पाणी उपसावयाचे नाही असे ठरविले. आज ते डोंगर हिरवे आहेत.

ह्यात चमत्कार नाही. देवाने सृष्टीस लावून दिलेला क्रम आहे. उघड्या उतारावरचे पाणी माती घेऊन ओढ्याकडे धावते. चरात ते थांबते व मुरते. गुरांच्या तोंडून वाचलेले गवत बी धरते आणि त्याची मुळे माती आवळून ठेवतात. तोडलेल्या बोरीच्या व लिंबाच्या बुंध्यांस पुन्हा धुमारे फुटतात. मात्र जो माळ मुळातच गवताचा आहे, तेथे झाडांची गर्दी करू नये. तो पडीक नव्हे. चंडोल, काळवीट व लांडगा ह्यांचे ते घर आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. चराईबंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्यास शेत आहे त्यास बांधावरचा चारा आहे, आणि विहिरीचे पाणी वाढले म्हणजे पहिला लाभही त्यालाच होतो. ज्यास शेत नाही, त्याच्या दोन शेळ्या डोंगरावरच जगतात. शेळी ही गरिबाची गाय म्हणतात. बंदीमुळे ती त्यास विकावी लागली, तर भूमीचा विसावा त्याच्या भाकरीतून काढून घेतला असे होईल. आपल्या मंडळ्यांत अशी घरे थोडी नाहीत.

म्हणून निर्गमातील वचन नीट वाचावे. विसाव्याच्या वर्षी जे उगवेल ते गरिबांनी खावे, आणि त्यांच्यापासून उरेल ते रानातील जनावरांनी खावे, असा तेथे क्रम आहे. लेवीयात चाकर, मजूर व परदेशी ह्यांचीही आठवण ठेवली आहे. गरिबास उपाशी ठेवणारा विसावा शास्त्रास मान्य नाही.

तेव्हा गावात चराईबंदीचा विचार निघाला, तर आपल्या बंधुभगिनींनी ग्रामसभेत जाऊन तीन गोष्टी नम्रपणे पण स्पष्टपणे मागाव्या. सर्व डोंगर एकदम बंद न करता भागाभागाने बंद करावा. बंद भागातील गवत विळ्याने कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीनांस असावा. चर खणण्याची मजुरीही प्रथम त्यांस मिळावी. आणि हे मान्य झाल्यावर रात्री चोरून शेळ्या सोडणे हे ख्रिस्ती मनुष्यास शोभत नाही, हेही उपदेशकांनी शिकवावे.

मंडळीत विचारण्याचे प्रश्न :

1. भूमीस विसावा देण्याची आज्ञा कोणाच्या हितासाठी होती?

2. आपल्या गावच्या डोंगरावर पूर्वी कोणती झाडे व गवते होती? वृद्धांस विचारावे.

3. डोंगर बंद झाल्यास आपल्या मंडळीतील कोणत्या घरास प्रथम अडचण पडेल, आणि त्यास चारा कोण देईल?